तोंडी ठरलेलं भाडं: शब्द टिकतो, पण आधी कोणाचा?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात कोथरूडला वडिलांचा दोन खोल्या-स्वयंपाकघराचा फ्लॅट. जून २०१९ मध्ये त्यांनी तो ओळखीतल्या एका गृहस्थांना राहायला दिला. कागद काहीच नाही. भाडं १४,००० रुपये, डिपॉझिट ५०,००० रोख, दर वर्षी हजाराची वाढ आणि ‘मुलगा बंगळूरहून परत आला की दोन महिन्यांत घर रिकामं करायचं’ एवढं बोलणं. भाडं बँकेत जमा होतं. २०२१ ला ते १५,००० झालं, २०२२ ला १६,००० झालं आणि तिथेच थांबलं. वडील आता हयात नाहीत. मुलाला पुण्याला परतायचं आहे. भाडेकरू म्हणतात, काकांनी मला कायमचं राहायला दिलंय, वाढीचं काही ठरलं नव्हतं आणि डिपॉझिट दोन लाख दिलं होतं. मुलगा विचारतो, तोंडी कराराला कोर्टात किंमत असते का? आणि पाणी तोडलं किंवा कुलूप बदललं तर?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे घाईत झालेली चूक नंतर निस्तरत नाही. कुलपाला हात लावू नका. पाणी, वीज, लिफ्ट यातलं काहीही तोडू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ नुसार अत्यावश्यक सोयी तोडणं हा गुन्हा आहे. कुलूप बदलून बाहेर काढलं तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली भाडेकरूला सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवता येतो, आणि त्या दाव्यात घर कोणाचं हा प्रश्न विचारलाच जात नाही. ताबा कोणाकडे होता आणि तो कायद्याच्या मार्गाने काढला का, एवढंच पाहतात. माझ्याकडे आलेले एक घरमालक सगळ्या बाबतीत खरे होते. भाडेकरू गावी गेलेला असताना त्यांनी कुलूप बदललं. पुढची दोन वर्षं ते स्वतःच्या घराचे मालक म्हणून नव्हे, तर कुलूप तोडणारा माणूस म्हणून कोर्टात उभे राहिले.

आता मूळ मुद्दा. ‘कागद नाही म्हणजे करारच नाही’ असं निम्मे घरमालक समजतात. उरलेल्या निम्म्यांना वाटतं, कागद नाही म्हणजे भाडेकरूला हक्कच नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे तोंडी करारही करारच असतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १०७ सांगतं की वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच होतो. बाकीचे भाडेपट्टे तोंडी बोलणं आणि सोबत प्रत्यक्ष ताबा यांवर उभे राहू शकतात. तुमच्या वडिलांनी किल्ली दिली, समोरच्याने पहिल्या महिन्याचं भाडं भरलं, तिथे महिन्या-महिन्याची भाडेदारी जन्माला आली. सर्वोच्च न्यायालयाने तर २००० साली अँथनी विरुद्ध इट्टूप या केरळमधल्या प्रकरणात असं म्हटलं की पाच वर्षांचा कागद नोंदणीअभावी निरुपयोगी ठरला, तरी ताबा दिला आणि भाडं घेतलं यावरून भाडेदारी असतेच.

जुन्या मुंबईत कोणाला हे समजावून सांगावं लागत नाही. गिरगाव-परळच्या चाळींमध्ये तीन-तीन पिढ्या राहिल्या, करार कोणी पाहिला नाही. ट्रंकेत जपून ठेवलेल्या असतात त्या भाडेपावत्या, आणि पागडीचं सगळं जग त्या पावतीवर चालतं. पावती देणं घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे, आजही, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे.

तेव्हा करार आहे. भांडण आहे ते त्याच्या अटींवर, आणि इथे महाराष्ट्राचा कायदा घरमालकाला चांगलाच चटका देतो. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ म्हणतं की भाड्याचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी, भाडेदारीचा हक्क नाही), करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. तसा करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली होती याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मी फक्त चहा मागवतो. ती अकरा महिन्यांची पळवाट केंद्राच्या नोंदणी कायद्यातली आहे. महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून, म्हणजे हा कायदा लागू झाला तेव्हापासून, तिचा उपयोग नाही.

म्हणजे तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द कोर्टात एका रांगेत उभे राहत नाहीत. त्यांचा आधी. पण ‘उलट सिद्ध होत नाही तोवर’ या पाच शब्दांत तुमच्यासाठी दार उघडं ठेवलेलं आहे. त्यातून किती आत जाता येतं, हे अटीगणिक वेगळं.

डिपॉझिटपासून सुरू करू, कारण तिथे तुमची बाजू बरी आहे. वडील जमाखर्चाची वही लिहीत होते का? त्या पिढीतले पुष्कळ जण लिहायचे. ‘अमुककडून डिपॉझिट रोख ५०,००० मिळाले’ अशी जून २०१९ ची नोंद सापडली, तर ती सोन्यासारखी आहे. मयत माणसाने रोजच्या व्यवहारात केलेली नोंद पुराव्यात घेता येते. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम ३२ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, त्यात ते कलम २६ आहे. शिवाय पैसे घेतल्याची नोंद म्हणजे स्वतःच्या डोक्यावरचं देणं मान्य करणं, आणि असं खोटं कोणी आपल्याच वहीत लिहून ठेवत नाही. वही सापडली तर तिच्यात एक अक्षरही नवं लिहू नका, फाटलेलं पान चिकटवू नका, आहे तशी पिशवीत घालून आणा. त्याच आठवड्यात वडिलांच्या खात्यात रोख भरणा दिसतो का, तेही पाहा. ५०,००० चा दिसला आणि भाडेकरूच्या खात्यातून दोन लाख कधी निघालेच नसले, तर त्यांचं म्हणणं उलटतपासणीत फार वेळ तग धरणार नाही.

वडिलांचा फोन जपून ठेवा. रिसेट करू नका, नातवाला खेळायला देऊ नका, सिमकार्ड बंद पडू देऊ नका. ‘काका, या महिन्यापासून १५ टाकतो’ असा एखादा व्हॉट्सॲप संदेश त्यात असेल, तर वाढ ठरली होती हे त्यांच्याच तोंडून आलं. तो कोर्टात द्यायचा तर सोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं (जुनं ६५-ब). ते वकील तयार करून देतात. नुसता स्क्रीनशॉटचा कागद दिला की समोरचा वकील आधी त्याच्यावरच हरकत घेतो.

सोसायटीची बिलंही काढा. हा पुरावा लोक विसरतात. फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते, सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त दहा टक्के. ते चार्जेस कोणत्या महिन्यापासून सुरू झाले, यावरून ते गृहस्थ कधीपासून भाडेकरू आहेत ते ठरतं. आणि समजा पुढे त्यांनी ‘मी भाडेकरू नाहीच, काकांनी घर मला विकायचं ठरवलं होतं, हे हप्ते होते’ असा पवित्रा घेतला (घेतात, नवल वाटून घेऊ नका), तरी दर महिन्याचं सोसायटीचं बिल त्याच्या आड येतं. अशा वेळी तोंडी बोलण्याचा त्यांना फारसा उपयोगही नाही. खरेदीच्या बोलीवर ताबा राखायचा तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३-अ प्रमाणे करार लेखीच लागतो.

आता भाडेवाढ. इथे तुम्हाला न आवडणारं सांगावं लागेल. १४ चे १५ आणि १५ चे १६ झाले हे बँकेच्या पासबुकात दिसतं, म्हणजे काहीतरी वाढ ठरली होती हे वर्तनावरून सिद्ध होऊ शकेल. पण सिद्ध झालेलं सगळंच वसूल होत नाही. भाडे नियंत्रण कायद्याखालच्या भाडेकरूकडून प्रमाण भाडं (कायद्याने धरलेलं मूळ भाडं) आणि परवानगी असलेली वाढ, यापलीकडे मागता येत नाही, आणि ती वाढ कलम ११ नुसार वर्षाला चार टक्के. १४,००० वर हजार म्हणजे सात टक्क्यांच्या वर. तेव्हा राहिलेली हजार-हजारची वाढ मोजून थकबाकीचा दावा लावला, तर समोरून ‘आधीच जास्त घेतलंय’ हा हिशेब निघेल. ती वाट सोडा. उलट बाजूने, ‘वाढीचं काही ठरलंच नव्हतं’ हे त्यांचं म्हणणं जसंच्या तसं मान्य केलं, तरी कायद्याने दिलेले चार टक्के तुमचे राहतातच. ते यापुढे लेखी मागा.

आणि भाडं घेत राहा. रागाने भाडं नाकारणं ही घरमालकांची सर्वात महागडी चूक. कलम १५ प्रमाणे भाडेकरू भाडं भरतो आहे किंवा भरायला तयार आहे तोवर त्याला थकबाकीच्या कारणाने काढता येत नाही. तुम्ही नाकारलं की त्यांची तयारी आयतीच सिद्ध होते. मनिऑर्डरच्या परत आलेल्या पावत्या ते हसतमुखाने दाखल करतात. घ्या, पावती द्या, पावतीवर लिहा की ही रक्कम हक्क राखून घेतली आहे.

आता खरा गाभा. ‘मुलगा आला की घर सोडायचं’ ही तोंडी अट.

प्रामाणिक उत्तर असं की अट म्हणून ती चालत नाही. साक्षीदारांसमोर ठरली असती तरी चालली नसती. भाडेकरूला कायद्याने दिलेलं संरक्षण आपापसात बोलून काढून घेता येत नाही. ‘पण ते भाडं नव्हतंच, लायसन्स होतं’ असं म्हणायचा मोह होईल. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून घर लवकर परत मिळतं आणि उशीर केला तर दुप्पट दराने नुकसानभरपाई, हे खरं. पण तो रस्ता व्यवहारात लेखी करार हातात असलेल्यांचा. कागदाशिवाय लायसन्स सिद्ध करायला गेलात तर न्यायालय नावाकडे पाहत नाही, व्यवहाराच्या स्वरूपाकडे पाहतं. हा निकष १९५९ च्या असोसिएटेड हॉटेल्स प्रकरणापासून चालत आलेला आहे. घराचा ताबा एकट्याकडे, किल्ली एकट्याकडे, दरमहा ठरलेली रक्कम, तीही पाच-सहा वर्षं. आणि भाडेकरू म्हणतोय मी भाडेकरू आहे. कलम ५५ त्याच्या बाजूने उभं.

आपल्याकडचे लोक ‘लायसन्स’ या शब्दाला एवढे का चिकटतात, त्याला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी भाडेकरूंना लायसन्सी म्हणायची पद्धत पडली. मग १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचं लायसन्स चालू होतं आणि जे जागेत होते, ते सगळे कायद्याने एका फटक्यात भाडेकरू ठरले. त्या तारखेची धास्ती मुंबई-पुण्याच्या घरमालकांच्या मनातून अजून गेलेली नाही. गावाकडे हीच धास्ती १ एप्रिल १९५७ ची, कूळ कायद्याची. धास्तीचा परिणाम विचित्र झाला. ‘काही लिहायला नको, लिहिलं की हक्क लागतो’ असं लोक धरून बसले, आणि आज कायदा नेमका न लिहिणाऱ्यालाच धरतो.

पण तुमची अट मेली तरी तिच्यामागची वस्तुस्थिती जिवंत आहे. तुम्हाला त्या घरात राहायला यायचं आहे. घरमालकाला स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या वापरासाठी जागेची वाजवी आणि खरीखुरी गरज असणं, हे कलम १६(१)(छ) खालचं स्वतंत्र कारण आहे. वडिलांनी काय शब्द घेतला होता हे त्यासाठी सिद्ध करावंच लागत नाही. तुमची नोकरी, पुण्यात बदली किंवा घरून काम, आईची तब्येत, पुण्यात तुमच्या नावावर दुसरं घर नाही, हे सिद्ध करायचं. त्यानंतर कोर्ट तौलनिक अडचण पाहतं: घर मिळालं नाही तर तुमचं जास्त अडेल, की काढलं तर त्यांचं? पुण्यात हा दावा लघुवाद न्यायालयात लावायचा. वेळ लागतो, वर्षांमध्येच मोजावा लागतो, खोटी आशा दाखवत नाही.

एक गोष्ट विचारतोच, कारण मी प्रत्येकाला विचारतो. खरंच राहायचं आहे ना? की विकायचं आहे? ‘गरज’ म्हणून ताबा घेतला आणि महिन्याभरात राहायला गेला नाहीत, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिलं, तर कलम १७ खाली तो जुना भाडेकरू परत आत येऊ शकतो. बिल्डरशी बोलणी चालू असतील तर आत्ताच सांगा, दावा वेगळा लिहावा लागेल.

भाडेकरूंच्या ‘कायमचं दिलंय’ या वाक्याचं काय? कलम ५५ त्यांना त्यांच्या म्हणण्याची आघाडी देतं, म्हणून वाटेल ते म्हणता येतं असं नाही. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा हक्क तोंडी निर्माणच होत नाही, हे वर आलं. ‘कायमचं’ हा शब्द तिथेच गळून पडतो. मग उरते ती महिन्या-महिन्याची, कायद्याने संरक्षित भाडेदारी. तिच्यासाठी त्यांना काकांच्या शब्दाची गरजही नाही. तसंच पोटभाडेकरू ठेवला असेल किंवा गॅलरी बंदिस्त करून पक्कं बांधकाम केलं असेल, तर ‘काका हो म्हणाले होते’ एवढं पुरत नाही. पक्क्या बांधकामाला कायदा घरमालकाची लेखी संमती मागतो. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये हे सहसा निघतं. एकदा बाहेरून गॅलरीकडे नजर टाकून या, फोटो काढा, आत जाऊन वाद घालू नका.

एवढं सगळं वाचून एखादा भाडेकरू सुखावला असेल तर त्यालाही दोन शब्द. तोंडी व्यवहारात तुमचं घर सुरक्षित असतं, बाकी काहीच नसतं. डिपॉझिट रोख दिलंत आणि पावती घेतली नाहीत, तर ते परत मागताना कलम ५५ चा आधार असला तरी रोख कुठून आणली हे सांगावं लागतं. भाडं यूपीआयनेच द्या आणि सोबतच्या टिपणीत महिना लिहा. घरमालक पावती देत नसेल तर लेखी मागा. भाडेकरू कंपनी असेल आणि तिचं भरणा झालेलं भागभांडवल एक कोटी किंवा त्याहून जास्त असेल, तर हा कायदाच लागू नाही. मग तोंडी व्यवहार तिच्यावर शेकतो, कारण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस दिली की झालं.

घर सांभाळायला म्हणून नोकराला किंवा नात्यातल्या माणसाला फुकट राहू दिलेलं असेल, तर ते वेगळं प्रकरण. सिक्वेरा कुटुंबाच्या गोव्यातल्या घराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं की राखणदार कितीही वर्षं राहिला तरी त्याला घरात हक्क मिळत नाही. भाडेकरूंनी आणि मालकांनी दोघांनीही तो निकाल आपल्याला लावून घेऊ नये. दरमहा पैसे घेतले की तो राखणदार उरत नाही.

तुमच्याकडे परत. दावा हा एक रस्ता, पण माझ्या मते आधी बसून बोला. ते गृहस्थ ओळखीतले आहेत, त्यांनाही पाच-सहा वर्षांनंतर कोर्टाच्या तारखा नकोच असतील. आठ-दहा महिन्यांची मुदत द्या, हलवण्याचा खर्च म्हणून काही रक्कम द्यायची तयारी ठेवा. मात्र जे ठरेल ते पुन्हा तोंडी ठेवू नका. माझी पसंती अशी: गरजेच्या कारणावर दावा दाखल करायचा आणि त्यातच तडजोड करायची. तडजोडीच्या कागदात भाडेकरूने तुमची गरज मान्य केल्याचं स्वच्छ लिहायचं, कारण या कायद्यात कारणाशिवाय नुसत्या संमतीवर दिलेला हुकूमनामा पुढे लटपटतो. मग ठरलेल्या तारखेला घर सोडलं नाही तर सरळ दरखास्त (हुकूमनामा अंमलात आणण्याचा अर्ज) लावता येते. जागेवरच नवा लिव्ह अँड लायसन्स करून घ्या असं काही एजंट सुचवतील. ताबा एक दिवसही परत न घेता जुन्या भाडेकरूला लायसन्सी केलेलं कोर्टाच्या गळी सहज उतरत नाही, म्हणून तो माझा दुसरा पर्याय.

हिशेब म्हणून सांगतो. २०,००० भाडं, एक लाख डिपॉझिट, अकरा महिने अशा लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरूनही ते ५७५ रुपयांच्या आसपास येतं. शहरात नोंदणी फी हजार रुपये. आता ऑनलाइन, घरबसल्या अंगठा देऊन होतं. हे घर पुढे कधी भाड्याने द्याल तेव्हा लक्षात असू द्या.

या आठवड्यात करायची कामं थोडी आहेत. आई आणि बहीण याही वारस असतील, तर त्यांची संमती लेखी घ्या. एक सहमालक दावा लावू शकतो, पण घरातूनच हरकत निघाली की सगळं अडतं. भाडेकरूंना एक साधं पत्र पाठवा: वडील वारले, वारस आम्ही, यापुढे भाडं या खात्यात भरावं. त्यात ना धमकी, ना अटींचा उल्लेख. त्यांनी नव्या खात्यात पहिलं भाडं भरलं की तुम्ही घरमालक आहात हे त्यांनी मान्य केलं. पुढे भाडेकरू म्हणून त्यांना ते सहज नाकारता येणार नाही.

आणि आईशी बोला. २०१९ मध्ये हे ठरलं तेव्हा दिवाणखान्यात कोण कोण होतं, चहा कोणी दिला, पैसे कोणी मोजले, हे त्यांना आठवत असेल. तोंडी व्यवहाराचा साक्षीदार बहुतेक वेळा घरातलीच बाई असते आणि तिला कोणी विचारत नाही. त्या काय सांगतात ते त्यांच्या शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा. तुमच्या शब्दांत सुधारून लिहू नका, उलटतपासणी त्यांची होणार आहे.

नोटीस मराठीत पाठवली तर चालते का, हेही तुम्ही विचारलं आहे. चालते. समोरच्याला वाचता येते त्या भाषेत पाठवावी. पोचपावतीसह, फ्लॅटच्याच पत्त्यावर. लिफाफा परत आला तर फोडू नका, तसाच घेऊन या.